परडीखालचा डबा

"शंभरातून सात वजा करत जा, बा," डॉक्टर भक्ती म्हणाली. मुलगी गुजराती, आईला म्हणतात तसं 'बा' म्हणायची, पण मराठी छान बोलत होती.

इंदिराबाईंनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीभोवती फिरायला लागलं. "त्र्याण्णव. शहाऐंशी." बोट थांबलं, पुन्हा फिरलं. "एकोणऐंशी."

"सरस! आणि हे बोटानं काय करता?"

"वेढे घालते. त्याशिवाय आकडा सापडत नाही."

"चाळाच आहे तो तिला," शेजारच्या खुर्चीतून प्रतापसिंहराव म्हणाले.

"बांनी कधी नोकरी केली आहे का, काका? बाहेर काम केलेल्या बायकांचं डोकं वेगळ्या तऱ्हेनं चालतं. त्याप्रमाणे तपासावं लागतं, म्हणून विचारते."

"छे हो. आमच्या घराण्यात बायका नोकरी करत नाहीत."

मागे सून राजनंदिनी बसली होती. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातली. तिचं स्थळ आलं तेव्हाही प्रतापसिंहरावांनी हेच सांगितलं होतं.

इंदिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हल्ली त्यांच्या पुष्कळ गोष्टी निसटत. दूध उतू जाई, शेजारणीचं नाव ओठांवर येऊन परत जाई. हे मात्र लख्ख होतं. यांची मिल बंद पडली आणि हे घरी बसले, तेव्हा त्या रोज सकाळी पूजेची परडी घेऊन निघत. वर जास्वंदी, खाली डबा. गल्लीला वाटे, बाई देवळात चालल्या. परडीची युक्ती यांचीच. कारखान्यात पोचलं की ती फुलं त्या आपल्या मशीनला वाहत आणि कामाला बसत.

"मी गोरव्याच्या कारखान्यात होते," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "पंख्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. तांब्याच्या तारेचे वेढे. आमचा अनुज इंजिनिअर होईपर्यंत."

राजनंदिनीला हसू आलं. "काहीतरीच काय, आईसाहेब! तुम्ही आणि कारखान्यात?"

"अहो, सांगा की तिला."

प्रतापसिंहरावांनी खाकरून घसा साफ केला. सुनेकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरच्या टेबलावर झुकून हळू आवाजात म्हणाले, "हल्ली हे असंच चाललंय. टीव्हीवर काहीतरी बघते आणि आपलंच म्हणून सांगते. म्हणून तर आणलं तुमच्याकडे."

इंदिराबाईंचे कान चांगले होते.

"कधीपासून?" डॉक्टरनं विचारलं. इतका वेळ ती इंदिराबाईंशी बोलत होती. आता यांच्याशी बोलायला लागली.

"वर्ष झालं असेल."

"आणि अगदी खरं वाटतं त्यांना?"

"अगदी. समजावून उपयोग नाही."

डॉक्टर लिहीत राहिली. राजनंदिनीचं हसू कधीच गेलं होतं. ती उठून जवळ आली आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

"अहो," इंदिराबाई म्हणाल्या. नुसतं एवढंच.

"राहू दे गं. दमलीस तू." प्रतापसिंहरावांनी तिचा हात थोपटला. पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"बस, थोडंच राहिलंय." डॉक्टर आता मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तशी. "बा, आज वार कोणता?"

गुरुवार होता. कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची. तो एक दिवस त्या केस धुऊन उन्हात बसत. इतक्या वर्षांत दुसरं काही चुकलं असेल, गुरुवार कधी चुकला नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं. मग नवऱ्याकडे बोट केलं.

"हे सांगतील तो," त्या म्हणाल्या.