यंत्राला दोन मिनिटं

किसन ओव्हाळने बुद्धिबळाच्या यंत्राचा वजीर मारला आणि तो मधुसूदन साहेबांच्या पुढ्यात ठेवला. हळूच ठेवला, पण साहेबांना तो थोबाडीत बसल्यासारखा लागला.

ब्याऐंशी सालातला गुरुवार. पिंपरीच्या त्या कारखान्याला सुट्टी होती, पण कॅन्टीनमध्ये किसनची चौकशी होती. घासून मापात आणायचे एक्केचाळीस पोलादी दांडे, म्हणजे शाफ्ट, त्याने मुद्दाम बिघडवले, असा मॅनेजर मधुसूदन साहेबांचा आरोप. तो आज सिद्ध झाला की अकरा वर्षांची नोकरी गेली. चौकशीसाठी बाहेरून आलेले वकील यशवंतराव टायपिस्टची वाट पाहत चहा पीत होते. किसनचं म्हणणं एकच होतं. साहेबांनी शाफ्टमागे नऊ मिनिटं होती ती सहा केली. सहा मिनिटांत घासायचं कधी आणि मापायचं कधी? साहेब म्हणत, काम येतं त्याला वेळ पुरतो. चुकतो तो बदमाश.

वेळ जावा म्हणून साहेबांनी जर्मनीहून आणलेलं बुद्धिबळाचं यंत्र टेबलावर मांडलं होतं. वेळ कसला, किसनचं नाक कापायचं होतं. कॅन्टीनमध्ये बुद्धिबळात कुणाला डाव जिंकू देत नाही म्हणे, बघू किती अक्कल आहे ती. यंत्र एका चालीला पाच सेकंद घेत होतं. चोविसाव्या चालीला त्याच्यावर मात झाली.

"परदेशी डोकं कच्चंच निघालं की, साहेब," किसन म्हणाला.

यशवंतराव हसले. ते हसणं साहेबांना झोंबलं.

"अरे गाढवा, पाच सेकंदांत ब्रह्मदेवसुद्धा चुकेल," साहेब कडाडले. "याचा वेग ठरलेला आहे. तेवढ्यात दोन चालींपुढचं दिसत नाही त्याला. आता मी वेळ वाढवतो, मग बघ."

त्यांनी बटणं दाबून चालीला दोन मिनिटं दिली आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या. या वेळी यंत्र प्यादंसुद्धा फुकट देईना. मध्येच टायपिस्ट आला, तर यशवंतरावांनी त्याला हातानेच गप्प बसवलं. किसन मन लावून खेळला, घामाघूम झाला, आणि तासाभराने त्याने आपला राजा आडवा केला. हरल्याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

साहेबांना आता यंत्राला कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं होतं. यशवंतरावांकडे वळून ते म्हणाले, "पाहिलंत? यंत्र तेच, वेग तोच. नुसती घाई काढली, तर एक चूक केली नाही त्याने."

किसन उठून टायपिस्टजवळ जाऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, साहेब आत्ता बोलले तेवढं टाइप करून घ्या," तो म्हणाला. "मला दुसरी साक्ष द्यायची न्हाई."