मुलाखतीची तालीम

“बाहेर जा आणि पुन्हा आत ये,” एकनाथराव म्हणाले.

वरुण चौथ्यांदा स्वयंपाकघरात गेला, दार वाजवून बैठकीत आला आणि खुर्चीत बसला.

“बसायला कुणी सांगितलं?”

बरकतपुऱ्यातल्या त्या घरात बापलेकांची बँकेच्या मुलाखतीची ही तालीम दीड वर्ष रोज संध्याकाळी चालू होती. लेखी परीक्षेचा अजून पत्ता नव्हता. नव्याण्णव साल होतं, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. बीएस्सी झाल्यावर वरुणने एकदाच खाजगी कंपनीचा विषय काढला होता. कंपन्या आज असतात, उद्या नसतात. सरकारी खुर्ची हलत नाही, असं सांगून एकनाथरावांनी तो मिटवला. सरकारी कारखान्यात तीस वर्षं साहेबांच्या इंग्रजी पत्रांतल्या चुका काढलेल्या माणसापुढे कोण बोलणार?

तेव्हापासून वरुण रोज नऊला अभ्यासासाठी म्हणून अफझलगंजच्या लायब्ररीकडे निघायचा. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट.

“लायब्ररीत चालला की बारातीत?” त्याची आई, भारतीबाई, विचारायच्या. एकनाथरावांना मात्र बरं वाटायचं. साहेबासारखं राहिलं की साहेब होता येतं, असं त्यांचं मत होतं.

गेल्या महिन्यात तालमीत एक बदल झाला. परीक्षकाचं मन कळावं म्हणून आता वरुणने प्रश्न विचारायचे आणि उत्तरं एकनाथरावांनी द्यायची. ती ते इतक्या पोटतिडकीने देत, की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून भात करपायचा. वरुणची मात्र बोबडी वळायची.

“परीक्षकाने नातं बघू नये. समोर बाप असला तरी विचारायचं.”

“नक्को बाबा, मला नाही जमत.”

“न जमायला काय झालं?”

बुधवारी वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या पानाला चौकोनी भोक पडलेलं होतं. बँकेची जागा निघाली आहे, जाहिरात कापून ठेवली, असं एकनाथरावांनी सांगितलं. वरुणने ती बघायलाही मागितली नाही.

गुरुवारी बापलेक बरोबरच निघाले. एकनाथरावांचेही बूट चमकत होते. कारखान्यात मोठे साहेब येणार होते म्हणे. स्टॉपवर त्यांनी वरुणला आधी बसमध्ये चढवलं आणि ती वळेपर्यंत हात हलवत राहिले.

साडेअकराला अमीरपेठेत, अमेरिकन डॉक्टरांच्या टेप ऐकून टाइप करून देणाऱ्या एका कंपनीत, प्रूफरीडरच्या मुलाखती चालल्या होत्या. वयाची अट नव्हती. सातवा उमेदवार दार वाजवून आत आला. हातातल्या अर्जाला वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा टाचलेला होता आणि ‘सध्याची नोकरी’ या रकान्यात लिहिलं होतं : महिन्यापूर्वी स्वेच्छानिवृत्त. त्याने टेबलामागच्या टीम लीडरकडे एकदा पाहिलं आणि तो समोरच्या खुर्चीत मटकन बसला.

टीम लीडरने घसा साफ केला. टाय सरळ केला.

“बाबा,” वरुण म्हणाला, “बसायला कुणी सांगितलं?”