चार महिन्यांचं भजन

"कुणी आणून सोडलं?" फाटकापाशी स्कूटरचा आवाज थांबला, तसं ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं.

"कुणी नाही. मीच चालवत आले."

पेपर खाली आला.

एकतीस वर्षं त्या स्कूटरवर मी मागं बसले. "वळणावर हलू नकोस, माझा तोल जातो," हे प्रत्येक वळणावर ऐकलं. मग ह्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, किक मारता येईना, तेव्हा म्हणाले, "भंगारात देऊन टाक. बायकांनी चालवायची गाडी नव्हे ती." मी ती टेम्पोत घालून बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. चार महिने रोज दुपारी भजनाला जाते सांगून तिथं गेले. पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरनं घासला, सायलेन्सरमधला कार्बन खरवडला, क्लच सोडायला शिकले. दोनदा पडलेसुद्धा. ह्यांना माझी काळी नखं एकदाही दिसली नाहीत.

काठी टेकत हे फाटकाशी आले. नव्या लाल रंगावरून हात फिरवला, हँडल धरलं, सवयीनं किकवर पाय ठेवला आणि तसाच खाली घेतला.

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बघितलं आत्ताच. अख्ख्या पेठेतून आले मी."

मी पदर खोचला आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. ह्यांना तीन लागायच्या.

"मागं बसा," मी म्हणाले. "आणि वळणावर हलू नका. माझा तोल जातो."