मधली खुर्ची

‘समीरदादा, मधली खुर्ची आजीची. ती खाली ठेव.’

मृणालने हेडसेटवर व्यासपीठावरच्या समीरला एवढे सांगितले आणि हातातली केबल स्विचरच्या मागच्या बाजूला खोचली. आपल्या पाठीशी आजी उभी आहे, हे तिला ठाऊक नव्हते. चंद्रप्रभाबाईंनी मात्र शब्द न् शब्द ऐकला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लखनौच्या महानगर भागातल्या या सभागृहात मराठी मंडळाचा वर्धापनदिन सुरू व्हायला थोडाच अवधी उरला होता. लखनौ सोडून पुण्या-नागपूरला परतलेले जुने सभासद यंदा प्रथमच तो घरबसल्या पाहणार होते. त्यासाठी मृणालने दाराजवळच्या टेबलावर आपला संसार मांडला होता. तीन कॅमेऱ्यांच्या तीन लांबलचक केबली जमिनीवरून येऊन त्या बटणांच्या स्विचरला मिळत होत्या. ज्या कॅमेऱ्याचे बटण लाल होईल, त्याचेच दृश्य जगाला दिसणार होते. चंद्रप्रभाबाईंच्या लेखी हा पोरखेळ होता, तरी त्यांनी परवानगी दिली होती. त्यांच्या परवानगीवाचून मंडळात समईची वातही पेटत नसे. रेल्वेत इंजिनिअर असलेल्या यजमानांबरोबर त्या या शहरात आल्या, घरोघरी फिरून त्यांनी माणसे जमवली, आणि तेव्हापासून व्यासपीठावरची मधली खुर्ची त्यांची होती. ती कोणी दिलेली नव्हती, त्यामुळे ती कोणी काढून घेईल हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

व्यासपीठाचा पडदा पाडलेला होता. दिसत होती ती प्रेक्षकांची पहिली रांग, आणि तिथल्या एका खुर्चीवर त्यांची पाठीची उशी.

म्हणजे खुर्ची खाली आलीसुद्धा.

‘हे कोणी ठरवले?’

मृणाल दचकून वळली आणि हसली. ‘मीच, आजी. चीफ गेस्ट येतील ना, म्हणून.’

‘म्हणून माझी खुर्ची खाली.’

‘हो. एकदम खाली.’

ती हे अभिमानाने सांगत होती, याचाच चंद्रप्रभाबाईंना अधिक संताप आला. घरात हिंदीत बोलणाऱ्याला त्या उत्तर देत नसत. मृणालला लहानपणापासून मराठी कळे, पण तोंडून हिंदीच येई, आणि आजी-नातीचे निम्मे बोलणे त्यापायी न बोलताच राहून गेले होते. या थेट प्रक्षेपणाला होकार देताना त्यांनी एकच अट घातली होती: आज सभागृहात मराठीच बोलायची. मुलगी सकाळपासून अडखळत, चुकत, पण मराठीत बोलत होती. त्याचा आनंद त्यांनी कोणाला दिसू दिला नव्हता. आता तो काट्यासारखा रुतला. पोरीने जन्मात एकदा मराठीत तोंड उघडले, ते आजीला खाली उतरवण्यासाठी.

‘मृणाल,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. समोरचा माणूस उतरत असे. ‘ही भाषा तुझ्या तोंडात शोभत नाही. आजपासून माझ्यासमोर मराठीचा एक शब्द उच्चारायचा नाही. तुझी ती हिंदीच बोल.’

मुलीच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. आपले काय चुकले, हे तिने विचारले नाही. आजीला कारण विचारण्याची त्या घरात रीत नव्हती.

‘जी, दादी,’ ती म्हणाली.

आजवर तिने त्यांना कधीही दादी म्हटले नव्हते.

‘कांचन,’ चंद्रप्रभाबाईंनी सुनेला हाक मारली, ‘गाडी काढायला सांग. आणि ती उशी आण.’

‘अहो आई, आत्ताच तर तिथं ठेवली मी,’ कांचन गोंधळून म्हणाली. ‘म्हटलं, वर बोलावेपर्यंत घडीभर टेकाल.’

वर बोलावेपर्यंत. ते शब्द कानावर आले, पण रागाने भरलेल्या कानात शिरले नाहीत. पदर सारखा करून त्या दाराकडे निघाल्या. टेबल वाटेतच होते. मृणाल त्यांच्याकडे पाठ करून केबलींवर वाकली होती. हेडसेटमध्ये समीर काहीतरी विचारीत असावा. ठरवून दिलेल्या भाषेत तिने त्याला उत्तर दिले.

‘नहीं समीर भैया, उनसे कहिए बगल में बैठ जाएँ. बीच वाली कुर्सी खाली रखनी है. चीफ गेस्ट हों, चाहे कोई हों. वो दादी की है.’ तिने नाक ओढले. ‘दादी न आएँ, तब भी खाली ही रहेगी.’

चंद्रप्रभाबाईंचा पाय उंबरठ्यावरच थांबला.

टेबलावरच्या लहान पडद्यावर विंगेतल्या कॅमेऱ्याचे दृश्य आले होते. व्यासपीठावर, बरोबर मध्ये, त्यांची खुर्ची होती. रिकामी. समीर तिच्या पाठीवर हात ठेवून राखणदारासारखा उभा होता, आणि एक सुटाबुटातले गृहस्थ शेजारच्या खुर्चीत नाराजीने बसत होते.

राग अजून अंगात तसाच होता. आता त्याला जायला एकच घर उरले होते: त्या स्वतः.

क्षमा मागण्याची त्यांना सवय नव्हती. त्या मागे वळल्या, टेबलाशी आल्या, आणि त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

‘मृणाल बेटा,’ त्यांनी विचारले, ‘हमारी कुर्सी अभी खाली है?’