पहिला गोळा

कृष्णनगरातल्या आमच्या मिठाईच्या दुकानाचा रिवाज वडिलांपासूनचा आहे. संदेश या फाडलेल्या दुधाच्या छेन्याच्या मिठाईचा पहिला गोळा मालकानं गिऱ्हाइकांसमोर तोंडात टाकायचा आणि "ठीक" म्हणायचं. त्याशिवाय विक्री सुरू होत नाही. मला डायबेटिस झाला, डॉक्टर ओरडले, बाकी सगळं गोड सुटलं, तरी तो एक गोळा काही सुटला नाही.

पण वर्ष झालं, माझ्या जिभेला गोड कळतच नाही. गोळा तोंडात मऊ लागतो, इतकंच. रोज अंदाजानं "ठीक" म्हणायचो आणि कोणीतरी परत येऊन डबा तोंडावर फेकेल म्हणून दिवसभर धास्तावून असायचो.

आज सकाळी भट्टीपाशी सुनेला सांगून टाकलं. "बउमा, मला चव कळत नाही गं. आजपासून तू चाख. मला मोकळं कर."

छेना मळता मळता ती म्हणाली, "मीच चाखते, बाबा. रोज, तुमच्या आधी."

"आणि मला देतेस तो?"

"तो वेगळा. गेल्या पूजेच्या सणापासून त्यात साखरच घालत नाही मी. तुमची शुगर वाढते ना."

मला एकदम हलकं वाटलं. गमछा खांद्यावर टाकून मी मागच्या दाराकडे वळलो.

"कुठं निघालात?" तिनं बशी माझ्या हातात दिली. "बाहेर वीस माणसं उभी आहेत. सुनेच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार? चला. आणि जरा मोठ्यानं म्हणा, काल मागच्यांना ऐकू आलं नाही."