भाऊबीजेचा पाट

रोजची पोथी आटोपून मी पाट मांडला आणि त्यावर भावाऐवजी मोबाईल टेकवून ठेवला. ओवाळायला तबक उचललं, तर तिकडे मस्कतला विनूची मान खालीच.

"ताई, यंदा ओवाळणी नाही गं. कंपनी बंद पडली. घरी यायचं तर तिकिटालाही पैसे नाहीत."

"तुझ्या बायकोने सांगितलंय मला. तिकिटाचे पैसे पाठवलेत मी. खात्यात बघ, आले का ते."

त्याने खातं उघडून बघितलं. "बहिणीकडून घेऊ? तेही भाऊबीजेला? नको ताई, परत पाठवतो. आणि एवढे आणलेस कुठून?"

"उपासाच्या भाजणीचे आहेत. दुकानदार घरी येऊन नेतात आता." मलाच हसू आलं. "दर एकादशीला चिडवायचास ना, तुझ्या उपासांनी कुणाचं पोट भरतं का म्हणून? आता गुमान त्याच उपासांच्या विमानात बस."

विनू डोळे पुसतच हसला. मग एकदम मोबाईल उचलून खोलीभर फिरला. "अरे, इकडे बघा सगळे! ही माझी ताई. हिने तिकिटाचे पैसे पाठवलेत मला!" कॉटवर पडलेली त्याच्या सोबतची माणसं हात जोडत उठून बसली.

इतकी वर्षं "माझा भाऊ मस्कतला असतो" असं मीच गावभर सांगत होते. मी पदर सावरला, निरांजनाची वात पुढे सारली आणि मोबाईलमधल्या सगळ्यांनाच ओवाळलं.