थोडे लांबच

मुलीने कायमचं परदेशी जायचं ठरवलं, तेव्हा “पळून चाललीस” एवढंच बोलून न्हाव्याने अबोला धरला. सरकारने तिचं वर्तमानपत्र बंद पाडलं, चौकशीचे हेलपाटे लावले, हे त्याला ठाऊक होतं; तरी राग जाईना. निघायच्या दिवशी ती दुकानात येऊन खुर्चीत बसली. तिचे केस लहानपणापासून त्यानेच कापलेले. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं. “बाबा, तिकडे लिहिल्याबद्दल कुणी दार ठोठावत नाही. संध्याकाळी पाचला घरी येईन, लेकीला रोज गोष्ट सांगेन. इथे बेल वाजली की ती पलंगाखाली लपते.” कात्री थांबली. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग ती पुन्हा चालली. मानेवर हात फिरवून ती म्हणाली, “मागचे लांबच राहिले की!” “राहू देत.” त्याने कापड सोडून झटकलं. “पासपोर्टसाठी अर्ज करतो. उरलेले तिकडे येऊन कापीन.”